खाल्लेली सुपारी

अख्ख्या अहमदपुरात सगळ्यात मोठा आवाज आमच्या घरातून निघायचा, आणि घरातली माणसं मात्र कुजबुजत बोलायची. हसू नका, खरं आहे. अब्बांचं माईकचं दुकान होतं. बाहेरच्या खोलीत दुकान, आतल्या दोन खोल्यांत आम्ही. लग्न असो, बारसं असो, उरूस असो की हरिनाम सप्ताह, कुणाच्या दारात मांडव पडला की अब्बांचे दोन कर्णे तिथल्या लिंबाला बांधलेले असायचेच. गाव त्यांना माईकवाले बशीरभाई म्हणायचं. दुकानात दिवसभर मशीनची शिट्टी, माईकवर फुंकर, बोटाची टकटक आणि "हॅलो, हॅलो" चाललेलं असे. त्यामुळेच असेल, आतल्या खोलीत पाय ठेवला की अब्बांना कुणाचा चढलेला सूर सोसायचा नाही. आणि माझा आवाज तर मुळातच चढलेला. एकदा अब्बांनी मला दुकानात माईकवर "हॅलो" म्हणू दिलं, तर पार मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, एक हमाल विचारत आला, बशीरभाई, नवीन मशीन आणली का? अम्मीने त्या दिवशी माझा कान धरला. "आवाज नीचे, रेहाना! अशा आवाजाच्या पोरीला कोणती सासू नांदवील?" माझी सासू पुढे ठार बहिरी निघाली. अल्लामियाँकडे न्याय असतो, थोडा उशिरा मिळतो एवढंच.

घरात आमची दखनी, उंबऱ्याबाहेर मराठी. मी आयुष्यभर लातूरच्या एका शाळेत मराठी शिकवली, म्हणून इथे सगळ्यांना मराठीतच बोलायला लावते आहे. अम्मीने वाचलं असतं तर म्हणाली असती, "मैं ऐसा कब बोली?"

माईकचा धंदा अब्बांनी सुरू केला, पण आवाजाचं काम त्यांच्या वडिलांपासूनचं. माझे दादा, म्हणजे आजोबा, ईदगाहवर मुकब्बिर होते. ईदच्या नमाजाला गावाबाहेरच्या माळावर माणसांच्या रांगाच्या रांगा लागायच्या, पुढच्या इमामसाहेबांचा आवाज मागे पोचायचा नाही. मग मधल्या रांगेतला एक माणूस इमामसाहेबांचं म्हणणं मोठ्याने पुन्हा म्हणायचा, म्हणजे मागचेही बरोबरीने झुकायचे. तो मुकब्बिर. त्याला एकच नियम. पुढून येईल तेच म्हणायचं, तेवढंच म्हणायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि येईल ते गाळायचंही नाही. अब्बांनी ईदगाहवर माईक नेला त्या वर्षी दादांचं काम गेलं. दादा रुसून शिरखुर्मा न घेता झोपले होते म्हणे. पुढे म्हातारपणी ते अब्बांना चिडवायचे, "तुझी मशीन बिघडली की ये माझ्याकडे." अब्बा हसण्यावारी न्यायचे.

दुकानाचा एक रिवाज होता. माईक पाहिजे असेल त्याने येऊन तारीख सांगायची आणि एक अख्खी सुपारी अब्बांच्या हातावर ठेवायची. ज्याची सुपारी आधी, त्याची तारीख. मग मागून पाटील येवो की आमदार, त्याला दुसरी तारीख घ्यावी लागे. ठरलेलं मोडायचं झालं तर तीच सुपारी परत करायची, तीच, दुसरी चालत नाही. अम्मी त्या सुपाऱ्या पानदानाच्या वरच्या कप्प्यात वेगळ्या ठेवायची आणि कार्यक्रम पार पडला की मगच अडकित्त्याला लावायची. एका थोर घराण्याने एकदा लग्नाच्या ऐन दाट तिथीला माईक मागितला. तो आधीच एका वडाराच्या पोरीच्या लग्नाला ठरला होता. अब्बांनी हात जोडले आणि माईक वडारवस्तीत नेला. त्या थोर घराण्याने वर्षभर आमच्याशी बोलणं टाकलं. अब्बा म्हणाले, "बरं झालं, तेवढाच कानाला आराम."

आणि मग आणीबाणी आली. त्या काळावर शहाण्या माणसांनी पुष्कळ लिहिलंय, त्यात मी भर घालत नाही. मला आठवतं ते एवढंच की गाव एकाएकी हळू बोलायला लागलं. चहाच्या हॉटेलात कपबशा वाजायच्या, माणसं वाजायची नाहीत. आमच्या शेजारचे कुलकर्णी मास्तर मला मराठी शिकवायचे. सकाळच्या प्रार्थनेनंतर त्यांनी पोरांना वर्तमानपत्र दाखवून नुसतं विचारलं, "हा अर्धा रकाना कोरा का सुटला असेल, सांगा बरं?" झालं. आठवड्याच्या आत त्यांना धरून नेलं. त्यांच्या पत्नी मालतीकाकू आणि अम्मी यांच्यात एक भिंत होती आणि त्या भिंतीला एक कोनाडा आरपार होता. त्यातून रोज काहीतरी इकडून तिकडे जायचं. काकूंकडून धपाटे, येसराची आमटी. आमच्याकडून खट्टी दाळ, सणाला बगारा भात. मास्तर गेल्यावर काकूंकडची भांडी रिकामी परत येऊ लागली. अम्मी रोज दोन भाकरी जास्त थापायची आणि कोनाड्यात ठेवून म्हणायची, "मालती, आज जादा झाल्या गं." रोज बऱ्या जादा व्हायच्या!

पण आमच्या घरावर खरा घाव पडला तो सलीमचाचाचा. अब्बांचा धाकटा भाऊ, शिवणकाम करायचा, गाणारा, चेष्टेखोर माणूस. नुकतंच लग्न झालेलं. कापड घ्यायला मुखेडच्या बाजाराला गेला आणि तीन दिवस आलाच नाही. आला तेव्हा भिंत धरून चालत होता. बाजारात गाडी आली होती, माणसं उचलत होती, नसबंदीचा आकडा भरायचा होता. चाचाने ओरडून सांगितलं असेल की मला अजून मूल नाही, पण ऐकतो कोण? त्या दिवसापासून चाचा बोलायचा थांबला. मुका झाला नव्हता, बोलेनासा झाला होता. शिलाईमशीन चालवायचा, मापं बोटांनी दाखवायचा, ताटात पडेल ते खायचा. चाची माहेरी गेली नाही, हे तिचं मोठेपण. ती त्याच्याजवळ बसून काजं-बटणं करायची आणि दोघं मिळून गप्प असायची. मी तेव्हा अकरावीला होते. रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच यायचं, की ज्यांनी हे केलं त्यांना कुणी काही विचारणारच नाही का?

एक दिवस रेडिओने सांगितलं, निवडणुका होणार. अब्बांनी रेडिओचा आवाज कमी केला, जणू बातमी चोरीची होती. काही दिवसांनी मास्तर सुटून आले. नोकरी गेलेली, दाढी पांढरी, आणि दम्याने असा गळा धरलेला की दोन शब्दांनंतर थांबून श्वास घ्यायचे. याच माणसाच्या आवाजाने आमचा वर्ग हलायचा. ते आले आणि चौथ्या दिवशी ठरवून बसले की अहमदपुरात सभा घ्यायची. लोक घाबरून आहेत, म्हणे. कुणीतरी एकाने उभं राहून बोललं पाहिजे. बोलणार कसं? माईकशिवाय त्यांचा आवाज पहिल्या सतरंजीच्या पुढे जाणार नव्हता. आणि माईक ठरवायला आमच्या दुकानाची पायरी चढायला कुणी पुरुष तयार होईना.

मालतीकाकू आल्या. दुकानातून नाही, मागच्या दाराने, डोक्यावर पदर घेऊन. चुलीपाशी अब्बा जेवत होते. काकूंनी मूठ उघडली, मुठीत सुपारी.

"बशीरभाई, येत्या बाजारच्या दिवशी, दिवस कलताना. मोंढ्यात."

अब्बांचा घास हातातच राहिला. "वहिनी, मास्तरांना सांगा, थोडं थांबा म्हणावं. अजून वारा कळून नाही राहिला."

"थांबून थांबून तर ही गत झाली," काकू म्हणाल्या. "त्या तारखेला दुसऱ्या कुणाची सुपारी आहे का?"

"न्हाई."

"मग रिवाज काय म्हणतो?"

अब्बांनी उजवा हात धुतला, पुसला आणि पुढे केला. काकू गेल्यावर अम्मी भांडी आपटत म्हणाली, "एका भावाचं झालं तेवढं बास न्हाई का? आता दुकानाला कुलूप लावायचंय?" पण सुपारी तिनेच उचलून पानदानात ठेवली.

दुसऱ्याच दिवशी फौजदार आले. खुर्ची ओढून बसले, कर्ण्यावर टिचकी मारली, चहा मागवला. बोलणं अगदी गोड. "बशीरभाई, माईक देऊ नका असं मी कशाला म्हणीन? तुमचा धंदा हाय. फकस्त पुढं लायसनचं काई झालं तर माझ्याकडं यायचं न्हाई. आन घरात एक माणूस आदीच आजारी हाय म्हणं तुमच्या?" मी पडद्याआड उभी होते. अब्बांची मान खाली गेलेली मला दिसली. शिलाईमशीनपाशी चाचाचे पाय थांबले होते.

फौजदार गेल्यावर अब्बा आत आले, तोंड राखेसारखं. "वो सुपारी निकाल. परत देऊन येतो." अम्मी पोळपाटापुढून उठली नाही. "कोणती?" "काय कोणती! मालतीवहिनींची." अम्मी म्हणाली, "ती व्हय? ती तर खाल्ली मी. सकाळी डोकं दुखायलं होतं, पान लावलं." अब्बा बघतच राहिले. "कार्यक्रमाच्या आदी खाल्ली? एवढ्या वर्षांत कधी खाल्ली न्हाई, आन आत्ताच?" "चूक झाली," अम्मी म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला घेतली. "दुसरी नेऊन देऊ?" मी मध्येच तोंड घातलं. दोघंही एकदम माझ्यावर खेकसले, "दुसरी चालत न्हाई!" अब्बा मटकन बसले. आधी हसायला लागले, मग डोळे पुसायला लागले. अम्मीने खरंच चुकून खाल्ली की जाणूनबुजून, हे तिने मरेपर्यंत कबूल केलं नाही. मी तिच्या म्हातारपणी विचारलं तर म्हणाली, "सुपारी चांगली होती."

बाजारच्या दिवशी दुपारीच अब्बांनी मोंढ्यात कर्णे बांधले. तुरीच्या पोत्यांचा वास, करडईचं भूस, उन्हं उतरलेली. माणसं आली खरी, पण सभेला आल्यासारखी नाही. कुणी पोत्याला टेकून उभा, कुणी बैलाला पाणी पाजण्याच्या मिषाने थांबलेला, आडत दुकानांच्या ओट्यावर आम्ही बाया. अम्मी, चाची, मालतीकाकू, मी. सगळा मोंढा भरला होता, तरी विचारलं असतं तर प्रत्येकाने सांगितलं असतं, मी आपला सहज थांबलोय. मास्तर स्टुलावर चढले. अब्बांनी माईकला फुंकर मारली, आणि तेवढ्यात फौजदार दोन शिपाई घेऊन आले.

"सभेला परवानगी हाय," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "सभा करा, कोण अडवतंय? ह्या मशीनचे कागद बघायचेत. चौकशी झाली की मिळंल." शिपायांनी मशीन उचललं, वायरी ओढल्या, कर्णे झाडावरच लोंबकळत राहिले. पोत्यांना टेकलेली माणसं सरळ झाली, चपला शोधू लागली. मास्तर काहीतरी बोलले. त्यांचे ओठ हलले एवढंच आम्हाला दिसलं. मालतीकाकूंनी माझा दंड असा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

तेव्हा अब्बा जागचे हलले. मला वाटलं, मशीनच्या मागे जातील, हातापाया पडतील. ते स्टुलापासून मोजून मधोमध, गर्दीच्या पोटात जाऊन उभे राहिले. दोन्ही हात कानांशी नेले. आणि ज्या माणसाला घरात चढलेला सूर सोसत नसे, त्याने छाती भरून आवाज काढला.

"मास्तर म्हणतात, भावांनो आणि बहिणींनो!"

माणसं जिथल्या तिथे थांबली. मास्तर हसले. श्वास घेतला, पुढचं वाक्य बोलले. अब्बांनी ते जसंच्या तसं मागे पोचवलं. मास्तरांना श्वास घ्यायला वेळ लागायचा, तेवढ्या वेळात अब्बांचं सांगून व्हायचं, अशी दोघांची चाल बसली. फौजदार धावत आले. "ए बशीर! काय भाषण ठोकून राहिला?" अब्बा शांतपणे म्हणाले, "मी काई बोलत न्हाई साहेब. मास्तर बोलतात, मी मागं पोचवून राहिलो. परवानगी मशीनला लागती. गळ्याला लागती का?" पोत्यांमागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग अख्खा मोंढा हसला, दीड वर्षांत पहिल्यांदा. हसणाऱ्या एवढ्या माणसांचं काय करायचं हे फौजदारांना शिकवलेलं नसावं. ते बाजूला जाऊन उभे राहिले.

मास्तर बोलत गेले, अब्बा पोचवत गेले. मग मास्तर म्हणाले आणि पहिल्या सतरंजीने ऐकलं, "मुखेडच्या बाजारातून पोरं उचलली. ज्यांचं लग्न नवं होतं, ज्यांच्या घरी पाळणा हलला नव्हता, अशी पोरं. त्यांना कुणी विचारलं होतं का?" अब्बांनी हात कानांशी नेले. तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला, गळ्याची शीर फुगली, आणि नुसताच हुंदका आला. पुढून येईल ते गाळायचं नाही हा तर नियम, आणि तेच वाक्य त्यांच्याच घरचं. सगळा मोंढा वाट बघत होता. माझ्या शेजारी चाचीने पदर तोंडात कोंबला होता.

मी कधी उठले मला आठवत नाही. हात कानांशी नेलेले आठवतात. ज्या आवाजासाठी माझा कान पिळला जायचा, त्या आवाजात मी ते वाक्य सगळंच्या सगळं म्हटलं, शेवटच्या प्रश्नासकट. पाठीमागे अम्मी बसली होती. "आवाज नीचे" म्हणाली नाही. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, शाळेत उत्तर बरोबर आल्यावर पाहायचे तसं, आणि पुढचं वाक्य मलाच दिलं. "तेव्हा विचारलं नाही. आता विचारायला आलेत. मत म्हणजे दुसरं काय? आपल्याला विचारलंय. सांगून टाका." मी म्हटलं. आणि मी थांबले तेव्हा मोंढ्याच्या पार टोकाला, बैलगाड्यांपलीकडे, जिथून पुढे माझाही आवाज पोचत नव्हता, तिथून तेच शब्द पुन्हा आले. पुरुषाचा आवाज, गंज चढलेला, पण सुरात. "आपल्याला विचारलंय. सांगून टाका." चाचीने तोंडातला पदर काढला. "रेहाना," ती म्हणाली, "ये तो उनका आवाज है."

माझी नात नांदेडला वकिलीचं शिकते. परवा रविवारी जेवताना म्हणाली, "नानी, आता काही खरं नाही. सगळे घाबरलेत, कुणी बोलत नाही, बोललं की मागे लागतात. हा देश असाच गप्प होणार." पोरगी हुशार आहे, उगीच बोलत नाही, तिची भीती मी उडवून लावली नाही. पण मला राग आला, खरं सांगते. मी म्हटलं, घाबरलेली माणसं मला नको दाखवूस. मी अख्खा गाव घाबरलेला पाहिला आहे, आणि तोच गाव पोत्याला टेकून सहज थांबलेला पाहिला आहे. जो सहज थांबतो ना, त्याला ऐकायचं असतं. त्याच्यापर्यंत कुणीतरी पोचवायला पाहिजे, बस. मग तिने विचारलं, आणि पोचवणाऱ्यालाच उचललं तर? मी म्हटलं, "मागच्या रांगेत कोण उभं आहे हे तुला कुठं माहीत आहे?" मग म्हणाली, नानी, तुझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. जाऊ दे की!

मतदानाच्या दिवशी अम्मी, चाची आणि मालतीकाकू एका रांगेत उभ्या होत्या. मला मत नव्हतं, तेव्हा एकवीस वर्षं पूर्ण लागायची, तरी मी रांगेबरोबर चालत होते. निकाल काय लागला ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. सरकार पडलं, आणि पुढच्याच आठवड्यात तेच दोन शिपाई आमचं मशीन डोक्यावर घेऊन आले, वर पुसून आणलेलं. अब्बांनी त्यांना चहा पाजला. चाचा-चाचीच्या घरी पाळणा कधीच हलला नाही, ते नुकसान कोणत्याही निकालाने भरून आलं नाही, आणि ते आलं असं मी कुणाला म्हणू देणार नाही. पण फौजदारांची चौकशी झाली, मुखेडच्या त्या गाडीची झाली, आणि चाचा स्वतः जाऊन भरल्या कचेरीत साक्ष देऊन आला. त्याला विचारलं गेलं, आणि त्याने सांगितलं.

पण मला निकालाचा दिवस तेवढा आठवत नाही, जेवढी ती सभेची संध्याकाळ आठवते. घरी आलो तेव्हा अब्बांचा घसा पार बसला होता, अम्मीने त्यांना हळदीचं दूध दिलं. त्या आवाजाचा विषय काढायची सगळ्यांना भीती वाटत होती. वाटलं, मोंढ्यात ऐकलं ते खरं नसलं तर? अम्मीने ताटं वाढली, भाकरी आणि अंबाड्याची भाजी. चाचा हात धुऊन आला, रोजच्यासारखा कोपऱ्यात बसला, पहिला घास तोंडात घातला. चावला. मान वर केली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा अम्मीकडे बघून बोलला.

"भाभी, मिरची कम है."

अम्मी ताडकन उठली. "कम है?" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की भिंतीपलीकडून मालतीकाकूंनी विचारलं काय झालं. "अगं मालती," अम्मी ओरडली, तिचे डोळे वाहत होते आणि आवाज मोंढ्यापर्यंत जात होता, "तुझ्याकडचा ठेचा दे गं! सलीमला तिखट पाहिजे!"